दिसते ती वाफ नव्हे

जुलैत बेळगावहून आंबोलीला जाऊन आलेला माणूस घरी आल्यावर हमखास सांगतो, "काय धुकं होतं हो, दहा फुटांवरचं दिसत नव्हतं!" आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवल्यामुळे अशा वेळी मला गप्प बसवत नाही. ते धुकं नसतं, ढग असतो. तुम्ही ढगात उभं राहून कणीस खाऊन आलेले असता.

याचा हिशेब अगदी सोपा आहे. पावसाळ्यात अरबी समुद्रावरून येणारी हवा साधारण २८ अंशांची आणि बाष्पाने भरलेली असते. किनारपट्टी ओलांडून ती सह्याद्रीला अडते. मागून वारा ढकलतच असतो, त्यामुळे तिला घाट चढावाच लागतो. वर जाताना तिच्यावरचा दाब कमी होतो, ती फुगते आणि फुगता फुगता गार होते. सायकलच्या ट्यूबची हवा सोडताना बोटाला गार लागतं ना, तेच. दर १०० मीटर चढाला साधारण १ अंश, हा तिचा गार होण्याचा दर. आता समुद्रावरच्या त्या हवेत बाष्प इतकं असतं की २४-२५ अंशांपर्यंत गार झाली की तिला ते पेलवत नाही आणि त्याचे थेंब होऊ लागतात. म्हणजे तीनचारशे मीटर चढली की ढग सुरू. आंबोली आहे जवळजवळ ७०० मीटरवर. ढगाचा तळ गावाच्या खाली, घाटात कुठेतरी असतो. सावंतवाडीहून वर येताना एका वळणावर अचानक पांढरं होतं, तिथे तुम्ही ढगात शिरता.

गाडी चालवणाऱ्या तरुण मंडळींसाठी इथेच दोन गोष्टी सांगून टाकते. ढगात मोठा दिवा लावू नये. थेंबांवर आपटून तो उजेड आपल्याच डोळ्यांवर परत येतो आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. दिवा खालचाच ठेवावा. दुसरं काचेचं. काच धुरकट झाली की आधी बोट फिरवून बघावं, धूसरपणा आतून आहे की बाहेरून. आतून असेल तर तो आपल्या श्वासातला ओलावा असतो. एसीची हवा कोरडी असते, ती काचेवर सोडली की मिनिटभरात जातो. बाहेरून असेल तर एसीने काच गार झाल्यामुळे बाहेरचं बाष्प तिच्यावर बसलेलं असतं. मग वायपर फिरवायचे आणि काचेवरचा गार झोत कमी करायचा. एकाच काचेला दोन उलटे उपाय असल्यामुळे घाटात माणसं गोंधळतात. चोर्ला घाटातून गोव्याला जाणाऱ्यांनाही हेच लागू.

घाटमाथा ओलांडला की हीच हवा वेगळी वागते. आंबोलीला वर्षाकाठी ७ हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथून बेळगाव शहर जेमतेम सत्तर किलोमीटर, पण इथे पडतो बाराशे-तेराशे. आणखी पूर्वेला आमच्याच जिल्ह्यातल्या अथणीला जा, तर पाचशे-सहाशेच्या घरात. शिनोळीला राज्य बदलतं त्याची चर्चा रोज होते. आभाळ त्या मानाने फार जास्त बदलतं, त्याची कुणी करत नाही. चढावर हवेने बरंचसं पाणी टाकून दिलेलं असतं. पलीकडे ती उतरते, उतरताना दाबली जाते, तापते, आणि उरलेले थेंब परत बाष्प होऊन दिसेनासे होतात. जूनमध्ये राकसकोपच्या तलावाचा तळ दिसू लागतो, नळाला पाणी येण्याचे दिवस लांबत जातात, गल्लीत टँकर येतो आणि त्याच वेळी डोक्यावरून ढगांचे कळप पूर्वेला निघालेले असतात. "एवढे ढग जातात, पडत का नाहीत?" हा प्रश्न बादली हातात घेऊन उभ्या असलेल्या माणसाने विचारला की तो पुस्तकातला राहत नाही.

आणि ढगात पाणी थोडंथोडकं नसतं. साधा, कापसाच्या पुंजक्यासारखा दिसणारा, एक किलोमीटर लांब, तेवढाच रुंद आणि तेवढाच उंच ढग घ्या. त्याच्या एका घनमीटरमध्ये पाणी असतं साधारण अर्धा ग्रॅम, म्हणजे चिमूटभर. पण घनमीटर आहेत शंभर कोटी. सगळं मिळून ५०० टन पाणी झालं, म्हणजे पाच हजार लिटरचे शंभर टँकर. ते डोक्यावर तरंगत असतात आणि आपल्याला सावली मिळाली म्हणून बरं वाटतं.

हे शंभर टँकर पडत नाहीत, कारण ते फार बारीक करून टांगलेले असतात. ढगातला एक थेंब मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढा असतो. तो पडतच असतो, पण सेकंदाला जेमतेम एक सेंटिमीटर. या वेगाने एक किलोमीटर खाली यायला त्याला जवळपास पूर्ण दिवस लागेल, आणि वर चढणारा वारा त्याहून कितीतरी जोरात असतो. त्यातून खाली निसटलाच तर जमिनीला लागायच्या आधी वाळून जातो. पावसाचा दोन मिलिमीटरचा एक थेंब व्हायला असे दहा लाख थेंब एकत्र यावे लागतात. ते एकत्र येण्यासाठी ढग पुरेसा जाड, उंच आणि ओला असावा लागतो. कृत्रिम पावसाच्या विमानांतून क्षार फवारतात ते थेंबांना एकत्र येण्यासाठी निमित्त म्हणून. कर्नाटक सरकारने २०१७ मध्ये 'वर्षधारी' नावाने असे प्रयोग केले होते. पण निमित्त द्यायला आधी चांगला ढग लागतो. निरभ्र आकाशात विमान उडवून पाऊस पडत नाही, निवडणुकीच्या भाषणात मात्र पडतो.

आता घाटातून स्वयंपाकघरात येऊ.

चहाच्या किटलीची किंवा कुकरच्या शिट्टीची तोटी नीट बघा. तोटीच्या अगदी तोंडाशी एखाद्या बोटाएवढी जागा मोकळी दिसते, आणि पांढरं जे काही आहे ते त्याच्या पुढे सुरू होतं. खरी वाफ त्या मोकळ्या दिसणाऱ्या जागेत असते. पांढरं दिसतं ते वाफ गार होऊन झालेलं पाणी, बारीक थेंबांचं. म्हणजे प्रत्येक किटलीपुढे एक छोटा ढग असतो, आंबोलीच्याच जातीचा. बोलताना आपण दोन्हींना वाफ म्हणतो आणि त्यात काही बिघडत नाही. पण पाण्याचं जे वायुरूप आहे, पुस्तकात ज्याला बाष्प म्हणतात, ते कुणी कधीही डोळ्यांनी पाहिलेलं नाही. एवढी एक गोष्ट धरून ठेवा, पुढे लागणार आहे.

त्या मोकळ्या जागेत बोट जाऊ देऊ नका. उकळतं पाणी अंगावर सांडण्यापेक्षा वाफेने भाजणं वाईट, असं आपल्या आज्या सांगत आल्या. त्याचा आकडाही देता येतो. एक ग्रॅम उकळतं पाणी त्वचेवर पडून अंगाच्या तापमानापर्यंत निवलं, तर साठ-पासष्ट कॅलरी उष्णता देतं. एक ग्रॅम वाफ आधी पाणी होते, आणि नुसत्या त्या होण्यातच ५४० कॅलरी टाकते. वर पाण्याच्या साठ-पासष्ट आहेतच. जवळजवळ दहापट. इडलीपात्राचं झाकण आपल्याकडे न उघडता पलीकडच्या बाजूने उचलायचं, ते यासाठी. नव्याने स्वयंपाक शिकणाऱ्या मुलामुलींना मी पाककृतीच्या आधी हे सांगते.

जाता जाता, बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटर उंच असल्यामुळे आपल्याकडे पाणी १०० अंशांना उकळतच नाही, साडेसत्त्याण्णवच्या आसपास उकळतं. गोव्यातली काकू म्हणते डाळ वीस मिनिटांत शिजली आणि इथे पंचवीस लागतात, यात डाळीचा दोष नसेलही. कुकरमध्ये मात्र फरक जवळपास मिटतो, आतलं पाणी इथेही १२० अंशांच्या जवळ पोचतं.

आमच्या घरांतून मुलं आता तीन-चार भाषांत शिकतात, आणि पदार्थाच्या अवस्थांची नावं त्यांना चांगलीच गोंधळात टाकतात. मराठी पुस्तकात स्थायू, द्रव, वायू. बेळगावात कन्नड शाळेत गेलेला मुलगा घन, द्रव, अनिल म्हणतो. बडोद्याच्या गुजराती पुस्तकात घन, प्रवाही, वायु. इंदूर-ग्वाल्हेरला ठोस, द्रव, गैस. हैदराबादला घन, द्रव, वायु. आता मराठीत घन म्हणजे लांबी-रुंदी-उंचीचा ठोकळा, म्हणून आपण स्थायू वेगळा ठेवला. आत्याकडे सुट्टीला आलेली मुलं यावरून भांडतात, आणि मला ते भांडण ऐकायला फार आवडतं.

पण मराठीची खरी श्रीमंती या नामांत नाही, क्रियापदांत आहे. इंग्रजीत शिकणाऱ्या मुलांकडून ही हळूहळू निसटत चालली आहेत, म्हणून जरा थांबते. पाणी गोठतं, पण तूप थिजतं. बर्फ वितळतो, मीठ विरघळतं. ही दोन्ही वेगळी आहेत बरं का. वितळायला नुसती उष्णता पुरते, विरघळायला दुसरं कुणीतरी लागतं. "आईस्क्रीम विरघळलं" असं नातू म्हणाला की मी विचारते, "कशात?" गूळ पावसाळ्यात पाघळतो, कारण तो हवेतलं बाष्प ओढून घेतो आणि स्वतःच त्यात विरघळायला लागतो. मिठाचंही तेच, म्हणून बरणीत तांदळाचे चार दाणे. दूध आटतं, आणि आटत आटत शेवटी कुंदा होतो, त्याविषयी बेळगावकरांनी आणखी काय सांगावं. खोबरेल २४ अंशांच्या आसपास थिजतं. त्यामुळे डिसेंबरात आमच्याकडे बाटली उन्हात ठेवावी लागते, आणि पणजीच्या घरात तीच बाटली बाराही महिने पातळ. कापूर ना वितळतो ना आटतो, तो उडतो. स्थायूचा थेट वायू. पुस्तक याला संप्लवन म्हणतं. 'उडतो' म्हणणाऱ्यांनी ते पुस्तकाच्या आधीच पाहून ठेवलं होतं.

कपाटातल्या डांबराच्या गोळ्याही अशाच उडतात. गोळी लहान होत जाते, म्हणजे ती कपड्यांत आणि खोलीतल्या हवेत जाते. एका जन्मजात दोषात, ज्याला डॉक्टर जी-सिक्स-पीडीची कमतरता म्हणतात, या वायूने तान्ह्या बाळाच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात आणि कावीळ वाढते. हा दोष आहे की नाही हे आपल्याला बहुधा माहीत नसतं. म्हणून पिढ्यान्पिढ्या जपलेलं कुंचीटोपडं बारशाला बाहेर काढताना थेट बाळाला घालू नये. धुऊन, दोन दिवस उन्हा-वाऱ्यावर ठेवून मगच. आणि बाळाच्या कपाटात या गोळ्या नकोतच.

बाळाचा विषय निघालाच आहे, तर मला मुळात जे लिहायचं होतं त्याकडे वळते.

माझ्या भाचीचं बाळंतपण जुलैत झालं. बेळगावचा जुलै म्हणजे सूर्य महिन्यातून दोनदा पाहुणा येतो. नवा फ्लॅट, तिसरा मजला, सरकत्या काचेच्या खिडक्या, त्यांना रबराच्या पट्ट्या. दुपटी, लंगोट, झबली वाळेनात. एका खोलीत दोऱ्या बांधून, वारा लागून बाळाला सर्दी होईल म्हणून खिडकी बंद करून कपडे टांगलेले. दुसऱ्या दिवशीही ओलेच, वर कुबट वास, आणि आठवडाभरात कोपऱ्यात भिंतीला काळी बुरशी.

त्या खोलीत कपडे वाळणं शक्यच नव्हतं, आणि हे कागदावर मांडता येतं. खोली दहा बाय दहा, उंची दहा फूट. तिच्यात २८ घनमीटर हवा. (या हवेचं वजन तीस किलोच्या आसपास भरतं. हवा म्हणजे 'काही नाही' असं वाटणाऱ्यांसाठी सांगितलं.) २४ अंशांना एका घनमीटर हवेत जास्तीत जास्त २२ ग्रॅम बाष्प राहू शकतं. म्हणजे सगळ्या खोलीत मिळून सहाशे ग्रॅमपेक्षा थोडं अधिक. पण जुलैत बाहेरून येतानाच हवा ८५ टक्के भरलेली असते. उरली जागा शंभर ग्रॅमच्याही आत, म्हणजे अर्धा पेला पाणी. आणि मशीनमधून पिळून काढलेल्या एका बादलीभर कपड्यांत पाणी असतं दोन लिटर. अर्ध्या पेल्याच्या जागेत दोन लिटर कसं मावणार? थोडं वाळतं, हवा भरते, काम थांबतं. रात्री भिंत गार झाली की जे वाळलं होतं तेही भिंतीवर पाणी होऊन बसतं, आणि बुरशीला तेवढं पुरतं. तान्ह्या बाळाला किंवा दमेकऱ्याला त्या खोलीत झोपवणं वाईट.

उपाय कपड्यांपेक्षा हवेचा करायचा असतो. भरलेली हवा बाहेर काढा, तिच्या जागी दुसरी येऊ द्या. बाहेरची ८५ टक्के असली तरी ९९ पेक्षा बरी. खिडकी चार बोटं उघडी, पंखा चालू, कपड्यांत हाताचं अंतर. स्वयंपाकघराचा किंवा न्हाणीघराचा हवा बाहेर फेकणारा पंखा असेल तर तोही चालू ठेवून मधलं दार उघडं. एसी असेल तर त्याचं 'ड्राय' बटण यासाठीच असतं. पाइपातून बाहेर ठिबकतं ते तुमच्या कपड्यांतलंच पाणी. शेवटचा ओलावा इस्त्रीने घालवायचा.

माझ्या थोरल्या बहिणीला, म्हणजे अक्काला, हे सगळे चोचले वाटले. तिचा उपाय ठरलेला होता. शेगडीत कोळशाचे निखारे, त्यावर वेताची टोपली पालथी, टोपलीवर लंगोट. जोडीला ओवा आणि वावडिंगाची धुरी, बाळंतिणीच्या खाटेखाली शेक. शहापुरातल्या आमच्या जुन्या घरात आमची आणि आमच्या मुलांची सगळ्यांची बाळंतपणं अशीच झाली. "तुम्ही सगळे ह्याच शेगडीवर मोठे झालात," अक्का म्हणाली, "आणि आता मला पुस्तक शिकवतेस?"

अक्काचं म्हणणं मी झटकून टाकलं नाही, कारण त्यात तथ्य होतं. निखाऱ्याने टोपलीतली हवा तापते, आणि गरम हवेत बाष्प जास्त राहतं. २० अंशांना घनमीटरमध्ये १७ ग्रॅम, ३० ला ३०. कपडे खरोखरच वाळतात. पण शहापुरातल्या त्या घराला कौलं होती. कौलांच्या फटींतून, दाराच्या चौकटीतून, माडीच्या जिन्यातून हवा सतत ये-जा करत असे. शेगडीची गरम हवा वर जाऊन कौलांतून निघून जायची, बाष्प आणि वायूही घेऊन. आम्ही त्या घराला 'गळकं' म्हणायचो. त्या गळकेपणानेच आम्ही वाचलो. शेगडी तीच, कोळसा तोच, पण रबराच्या पट्ट्या लावलेली तिसऱ्या मजल्यावरची खोली ती नाही.

कोळसा पुरेशा हवेत जळला की त्याचा कार्बन डायऑक्साइड होतो. हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड. याला रंग नाही, वास नाही, डोळ्यांत चुरचुरत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो, आणि प्राणवायूची जागा अडवून बसतो. डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते. बाळंतिणीला हे तिन्ही एरवीही होतात, त्यामुळे कुणाच्या लक्षातही येत नाही. बाळ तर काही सांगूच शकत नाही.

आणि इथे आपल्याला डोळे फसवतात. "धूर नाही ग, नुसते निखारे आहेत," असं अक्का म्हणाली, आणि बहुतेक घरांत असंच म्हणतात. धूर दिसतो कारण त्यात काजळीचे कण असतात, ढगासारखेच. धूर गेला म्हणजे कण गेले, वायू नाही. लालबुंद, धूर न करणारा निखारा मोनॉक्साइड सोडतच असतो. जे दिसतं ते टाळायची सवय आपल्याला आहे. किटलीच्या तोंडाशी काय होतं ते आठवा.

शेवटी तडजोड झाली. शेगडी गॅलरीत गेली आणि गॅलरीचं दार बंद राहिलं. लंगोट टोपलीवर तिथेच वाळले, घरात आले ते गरम गरम, आणि अक्काला तेवढं पुरलं. शेक गरम पाण्याच्या रबरी पिशवीने, फडकं गुंडाळून. धुरी बंद. धुरीवर ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी भाचीनेच सांगितलं की आदल्या आठवड्यात सकाळी उठताना जे डोकं जड व्हायचं ते थांबलंय. अक्का ऐकत होती. काही बोलली नाही, डिंकाच्या लाडवांची परात पुढे ओढली.

ग्वाल्हेर, इंदूरच्या वाचकांना थंडीतली शेगडी किंवा सिगडी ठाऊक आहे. उत्तरेकडून दरवर्षी डिसेंबर-जानेवारीत बातम्या येतात, खोली बंद करून शेगडी पेटती ठेवून झोपलेलं कुटुंब सकाळी उठलंच नाही. या वायूचं वजन जवळपास हवेइतकंच आहे, त्यामुळे तो ना खाली बसतो ना वर जातो, खोलीभर सारखा पसरतो. जमिनीवर झोपा की पलंगावर, फरक नाही. झोपण्याआधी शेगडी खोलीबाहेर, एवढाच नियम. बंद न्हाणीघरात बसवलेला गॅसचा गिझर हेच करतो. ज्योत न्हाणीघरातलीच हवा खाते आणि आपणही तीच. गॅसचा गिझर असलाच तर तो बाहेरच्या भिंतीवर असावा, नुसतं गरम पाणी पाइपाने आत यावं. भाड्याच्या खोलीत राहून शिकणाऱ्या मुलामुलींनी घरमालकाला आल्या दिवशी विचारावं, लाजू नये.

स्वयंपाकाचा गॅस मात्र वेगळा वागतो आणि त्याचे नियमही वेगळे. सिलिंडरमध्ये जो हलवल्यावर डुचमळतो तो द्रव आहे, १४.२ किलो. शेगडीचं बटण सोडलं की वरचा दाब कमी होतो, द्रवाचा वायू होतो, आणि तसं होताना तो आजूबाजूची उष्णता खातो. लग्नाच्या स्वयंपाकात मोठ्या आचेवर चाललेल्या सिलिंडरला खालून घाम सुटलेला दिसतो तो गळतीचा नसतो, गार पत्र्यावर बसलेलं हवेतलं बाष्प असतं, आमरसाच्या गार पातेल्याला सुटतो तसा. गॅस संपत आला म्हणून सिलिंडर आडवा किंवा उलटा करणारे आचारी मी पाहिले आहेत. तसं केलं तर नळीत वायूऐवजी द्रव येतो, आणि एका द्रवाचा सुमारे अडीचशे पट वायू होतो. शेगडीच्या तोंडाशी तेवढा भडका.

हा वायू हवेपेक्षा दीडपट-दुप्पट जड आहे. गळला तर तो ओट्याखाली, फरशीलगत साठतो. वरची खिडकी उघडून भागत नाही, दार उघडावं लागतं. वास आला तर दिवा लावू नये, लावलेला बंदही करू नये. हवा बाहेर फेकणारा पंखा तर मुळीच नाही, कारण कुठल्याही बटणाची ठिणगी पुरते. आधी सिलिंडरचा रेग्युलेटर बंद, मग दारं-खिडक्या उघड्या, मग सगळ्यांनी बाहेर, आणि बाहेर गेल्यावरच फोन. गॅसगळतीसाठी देशभर १९०६ हा क्रमांक आहे, चोवीस तास. भाचीच्या फ्रिजवर तो आम्ही बाळाच्या लसींच्या तक्त्याशेजारी लावला आहे.